मेंदूतील रसायने आणि वागणूक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप धाडतात ते मुख्यतः रसायनांमार्फत. सेरोटोनिन, डोपामिन, ऑक्सिटोसिन ही त्यांतली परिचित नावे. मात्र निरोपाचा परिणाम नुसत्या रसायनावर ठरत नाही. तो कोणत्या भागात, कोणत्या वयात आणि पेशीवरच्या कोणत्या ग्राहीने (रिसेप्टरने) स्वीकारला, यावर ठरतो. एवढे लक्षात न घेतल्याने पुढील गैरसमज होतात.

गैरसमज : सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते.

वस्तुस्थिती : शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनते आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यामुळे रक्ततपासणीवरून मनःस्थिती कळत नाही. नैराश्यावरची एसएसआरआय गटातील औषधे मेंदूतील सेरोटोनिन काही तासांत वाढवू लागतात, पण रुग्णाला उतार पडायला काही आठवडे लागतात. दुखणे केवळ कमतरतेचे असते, तर गुणही लगेच आला असता. सेरोटोनिनची कामेही अनेक आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले, की उंदरांच्या चेतापेशींत ते ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची निर्मिती वाढवते. वैद्य यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

गैरसमज : ऑक्सिटोसिन हे प्रेमाचे संप्रेरक आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो, त्याचा भाऊबंद माँटेन व्होल तसा राहत नाही. ऑक्सिटोसिन दोघांतही असते, त्याचे ग्राही मात्र मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी आढळतात. त्यावरून जोडी जमण्याचे श्रेय या ग्राहीला दिले गेले. पण २०२३ मध्ये जनुकीय बदलाने हा ग्राहीच काढून टाकलेल्या प्रेअरी व्होलांनीही जोड्या जमवल्या. म्हणजे जवळीक एकाच रसायनाच्या भरवशावर नसते.

गैरसमज : ताणाने मेंदू सगळीकडे सारखाच झिजतो आणि विश्रांतीने पूर्ववत होतो.

वस्तुस्थिती : बंगळूरुच्या जीकेव्हीके आवारातील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने याची तपासणी केली. उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. २००२ च्या निष्कर्षानुसार स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडल्या, तर भीतीशी निगडित अमिग्डालामधील शाखा उलट वाढल्या. पुढे २१ दिवस ताणाविना ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डालातील वाढ मात्र ओसरली नाही. चिंताही टिकून राहिली. ती मोजण्यासाठी जमिनीपासून उंच, अधिकचिन्हाच्या आकाराची चौकट वापरतात. तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. चिंताग्रस्त उंदीर उघड्या भुजांवर जायचे टाळतो.

गैरसमज : रसायने वागणूक घडवतात, वागणुकीचा रसायनांवर परिणाम होत नाही.

वस्तुस्थिती : परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. वैद्य यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवले. ती मोठेपणी अधिक चिंताग्रस्त झाली. त्याच काळात सेरोटोनिनचे ठरावीक ग्राही औषधाने रोखले, तेव्हा ही चिंता उद्भवली नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आईच्या सहवासात पडलेला खंड या ग्राहींच्या वाटेने मेंदूत दीर्घकाळ टिकणारा बदल घडवतो.