उसवणारी आणि गोठवणारी औषधं

"काकू, हातापायाला मुंग्या येतात का?" टॅक्सॉलची केमो दोन-तीनदा झाली की डे-केअरमधल्या सिस्टर हा प्रश्न विचारतातच. पाठोपाठ आणखी काही : ब्लाउजचं हूक लागतं का? सुईत दोरा ओवता येतो का? पायातली चप्पल निसटलेली कळते का? आजार स्तनाचा आणि चौकशी बोटांची, याचं पेशंटला नवल वाटतं. कल्याण-डोंबिवलीहून परळला उपचारांसाठी जाणाऱ्यांना मात्र या चौकशीचा अर्थ लवकर उमगतो. कर्करुग्णांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, तेवढी सोय आहे. पण फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीवरून पाऊल टाकायचं आणि तळव्याला नेमकं कुठे टेकलो तेच कळत नाही, हे रोजच्या प्रवाशाला सांगून समजणार नाही.

या बधिरपणाला आपण दुष्परिणाम म्हणतो. पण औषध भरकटलेलं नसतं. गाठीतल्या पेशीत ते ज्या वस्तूला धरतं, त्याच वस्तूला ते पायाच्या नसेतही धरतं. ती वस्तू म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, सूक्ष्मनलिका.

ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे जोडरेणू एकामागे एक लागून ओळ तयार होते आणि साधारण तेरा ओळी शेजारी शेजारी येऊन एक पोकळ नळी बनते. जाडी सुमारे 25 नॅनोमीटर, म्हणजे केसापेक्षा काही हजार पटींनी बारीक. गंमत तिच्या स्वभावात आहे. नळी एका टोकाला सावकाश वाढत राहते आणि मध्येच धडाधड कोसळते, पुन्हा वाढू लागते. टिम मिचिसन आणि मार्क किर्श्नर यांनी 1984 मध्ये हा चंचलपणा नीट मांडला. टोकाशी नुकत्याच लागलेल्या रेणूंवर जीटीपी या ऊर्जारेणूची टोपी असते. ती शाबूत आहे तोवर नळी टिकते, टोपी गेली की ओळी उलगडतात. एरवी एखाद्या नळीचं आयुष्य काही मिनिटांचं. पेशी विभागायला लागली की ते एका मिनिटाच्याही खाली येतं.

एवढी घाई कशासाठी? विभाजनाच्या वेळी दुप्पट झालेली 46 गुणसूत्रं पेशीत विखुरलेली असतात. प्रत्येकाची एक प्रत एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जायला हवी. मुंब्र्याच्या खाडीवर गळ टाकणारा माणूस जसा दोरी फेकतो, ओढून घेतो आणि जरा सरकून पुन्हा फेकतो, तशा या नळ्या दोन ध्रुवांवरून वाढत-आखडत गुणसूत्रं शोधतात. सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंनी धरली जाईपर्यंत पेशी पुढे सरकत नाही. एकच सुटं राहिलं तरी तपासणीनाका बंद. नळ्यांची ही हालचाल बिघडवली की विभाजन अडतं, आणि फार वेळ अडलेली पेशी बहुधा मरते.

हे सगळं प्रयोगशाळेत उलगडलं ते मात्र एका विषारी वेलीत सापडणाऱ्या द्रव्यामुळे. पावसाळ्यात येऊरच्या रानात कळलावी फुलते. पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल. पानाचं टोक ताणा होऊन शेजारच्या झुडपाला विळखा घालतं. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम या दुसऱ्या झाडातून मिळालं आणि संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, आजही दिलं जातं. गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी 1967 मध्ये किरणोत्सारी कोल्चिसिन पेशीत सोडून ते कोणाला चिकटतं याचा माग काढला. हाती लागलेल्या प्रथिनालाच पुढे ट्यूब्युलिन हे नाव मिळालं. विषाने आपलं लक्ष्य स्वतःच दाखवून दिलं. कॅन्सरवर मात्र कोल्चिसिन चाललं नाही. उपयोगी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतरच फार कमी.

सदाफुलीची गोष्ट वेगळी. डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पायरीशी, डालड्याच्या जुन्या डब्यात, पाणी घालायचं विसरलं तरी फुलणारं हे झाड मूळचं मादागास्करचं. 1952 मध्ये जमैकातून त्याची पानं कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोहोचली, कारण तिकडे लोक त्यांचा काढा मधुमेहावर घेत. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. मग रक्ताच्या कर्करोगात, जिथे पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, तिथे हे का वापरू नये? नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन जाहीर केलं. त्याचं भावंड व्हिनक्रिस्टिन 1963 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारांत अजूनही अग्रभागी आहे. हे रेणू नळीच्या टोकाशी बसतात. मात्रा जास्त असेल तर नळ्या पार उसवतात.

आता व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "सदाफुलीची चार पानं रोज चावा" या सल्ल्याबद्दल. व्हिनक्रिस्टिन पानात इतकं नगण्य असतं की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि त्याच पानात दुसरे डझनावारी अल्कलॉइड असतात. म्हणजे औषध जवळपास शून्य आणि बाकीच्या विषांची भेळ. शुद्ध औषधही किती जपून द्यावं लागतं पाहा. व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून द्यायचं. चुकून पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेलं तर मृत्यू जवळजवळ ठरलेला. अशा चुका जगभर घडल्या, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईन-पिशवीतून द्यायची शिफारस केली. पिशवी कोणी मणक्यात टोचायला जात नाही. साधीच युक्ती, पण माणसं वाचवणारी.

टॅक्सॉलचा धागा आपल्याकडे येतो तो नंदुरबारहून. मनसुख वाणी यांचा जन्म तिथला, 1925 सालचा. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातून ते मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. झाले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल 1962 मध्ये गोळा झाली होती. तिच्यातलं प्रभावी द्रव्य, म्हणजे टॅक्सॉल, वेगळं करून त्याची रचना या जोडीने आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी 1966 मध्ये याच दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन शोधलं होतं. ते द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात आहे, हे 1972 मध्ये दाखवलं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी, आणि गोविंदाचारी होते गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख. नरक्याची चोरटी तोड हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्या औषधाचं लक्ष्यही वेगळं. वाणी 2020 मध्ये गेले. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

टॅक्सॉल काही वर्षं तसंच पडून होतं. साल थोडी, औषध त्याहून थोडं, आणि पाण्यात विरघळायला तयार नाही. मग 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने एक चकित करणारी गोष्ट दाखवली : हे औषध नळ्या मोडत नाही, उलट त्यांना मोडूच देत नाही. ते नळीच्या आतल्या बाजूला बसून ओळी घट्ट धरून ठेवतं. पेशीत नळ्यांची दाटी होते, पण एकही हलत नाही. 1992 मध्ये बीजाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे सालीऐवजी पानांतल्या द्रव्यापासून ते बनवता येऊ लागलं, म्हणून झाडं वाचली.

विरघळण्याची अडचण एरंडेलाने सोडवली. एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफॉर या द्रावकात पॅक्लिटॅक्सेल, म्हणजेच टॅक्सॉल, विरघळतं, पण त्या द्रावकाचीच कित्येकांना रिॲक्शन येते. म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन, मग बारीक गाळणी लावलेल्या वेगळ्या नळीतून औषध. पहिली दहा-पंधरा मिनिटं सिस्टर लांब जात नाहीत. चेहरा लाल होतोय का, छाती भरून येतेय का, यावर डोळा.

तर एक औषध उसवतं, दुसरं गोठवतं, आणि पेशीची गत दोन्हींत एकच. हे कसं? मेरी ॲन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांनी कॅलिफोर्नियात दाखवलं की मात्रा कमी असेल तर दोन्ही औषधं नळ्यांची संख्या फारशी बदलत नाहीत, फक्त त्यांची चंचलता मारतात. गळ टाकणं-ओढणं थांबलं की पुरे. विल्सन यांच्याकडे काम केलेले दुलाल पांडा पुढे पवईच्या आयआयटीत आले. त्यांच्या चमूने 2005 मध्ये ग्रायसिओफल्विन या नायट्यावरच्या जुन्या, स्वस्त गोळीबद्दल हेच सिद्ध केलं. दुसऱ्या वर्षी हळदीतलं कर्क्युमिनही ट्यूब्युलिनला चिकटतं हे दाखवलं. हे निष्कर्ष परीक्षानळीतले आणि काचेच्या बशीतल्या पेशींवरचे. हळदीचं दूध पिऊन गाठ विरघळत नाही. तसं तर शाळेत मुलांना देतात ती जंताची अल्बेंडेझोलची गोळीही ट्यूब्युलिनलाच धरते. जंताच्या प्रथिनाला ती घट्ट चिकटते, आपल्याला फारशी नाही, म्हणून ती बिनधास्त देता येते. कॅन्सरच्या पेशीचं ट्यूब्युलिन मात्र आपलंच. अडचण तिथेच आहे.

पुस्तकातलं चित्रही आता थोडं बदलावं लागतंय. विस्कॉन्सिनच्या बेथ वीव्हर यांच्या गटाने 2014 मध्ये स्तनाच्या गाठींत प्रत्यक्ष किती पॅक्लिटॅक्सेल पोहोचतं ते मोजलं. तेवढ्याने पेशी विभाजनात अडकून पडत नाहीत. त्या दोनऐवजी तीन-चार दिशांना फाटतात आणि वेड्यावाकड्या वाटणीमुळे मरतात. निव्वळ विभाजन रोखण्यासाठी तयार केलेली नवी औषधं रुग्णांमध्ये फिकी का पडली, याचाही थोडा उलगडा यातून होतो.

आता मुंग्या. चेतापेशी विभागत नाही, मग ती का भरडली जाते? कारण तिच्यात या नळ्या रुळाचं काम करतात. कमरेच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा तंतू सुमारे मीटरभर लांब. पेशीच्या मुख्य भागात बनलेला माल प्रथिनांच्या मोटारी याच नळ्यांवरून शेवटापर्यंत वाहून नेतात. वाहतूक बिघडली की सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी राहतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, मग हात. मोजे आणि हातमोजे घालतो नेमक्या तेवढ्याच भागात.

इथे डॉक्टरांची कसरत सुरू होते. अमेरिकेतल्या सुमारे पाच हजार स्त्रियांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2008 मध्ये आले, तीन आठवड्यांनी मोठा डोस देण्यापेक्षा दर आठवड्याला थोडं पॅक्लिटॅक्सेल देणं सरस ठरलं. पण बधिरपणा साप्ताहिक गटातच जास्त. दुखऱ्या मुंग्यांवर पुराव्याने टिकलेलं औषध एकच, ड्युलोक्सेटिन, आणि तेही बेताचं. बाकी इलाज म्हणजे वेळेवर सांगणं. "सहन होतंय" म्हणून गप्प बसणाऱ्या बायका आपल्याकडे फार. मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे त्यांच्या तोंडून कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

मात्रेचा सर्वांत बोलका प्रयोग परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झाला. तोंड-घशाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन देतात. पण मूत्रपिंड किंवा कान आधीच कमजोर असतील तर ते देता येत नाही, आणि तंबाखूच्या या मुलखात असे रुग्ण थोडे नाहीत. अशा 356 जणांपैकी निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना त्यासोबत आठवड्याला टॅक्सॉलचंच भावंड डोसेटॅक्सेल, शरीराच्या दर चौरस मीटरमागे फक्त 15 मिलिग्रॅम. एरवी तीन आठवड्यांनी 75 देतात, त्याचा पाचवा हिस्सा. विभाजनाच्या उंबऱ्यावर थबकलेली पेशी किरणांना सर्वांत लवकर बळी पडते, हा त्यामागचा हिशेब. 2023 मध्ये निकाल आले : दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 41.7 वरून 50.8 टक्क्यांवर. तोंड येणं, गिळताना दुखणं मात्र वाढलं. सिस्प्लॅटिनला लागतं तसं तासन्‌तास पाण्याचं सलाईनही याला लागत नाही. सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे कल्याणहून रेडिएशनला येणाऱ्याने त्यातल्याच एका वारी हे औषध घ्यायचं आणि संध्याकाळच्या गर्दीआधीची गाडी पकडायची.