ऊन नको, उजेड हवा

सोन्याचा दागिना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, असे आपण म्हणतो. पण प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. घरात लग्नकार्य निघाले किंवा अडचणीचा काळ आला, की आजीची ठुशी मोडीत निघते. सोनार ती मुशीत घालून वितळवितो आणि त्या सोन्यातून नव्या घडणीचा दागिना तयार होतो. सोने जवळजवळ तेवढेच राहते. परंतु ज्या कारागिराने एकेक मणी घडवून ती ठुशी गुंफली, त्याच्या हाताचे कसब मात्र मुशीत कायमचे नाहीसे होते. ते कसब पुढच्या पिढीला निदान पाहता यावे, यासाठी छायाचित्र हा एक चांगला उपाय आहे. त्याकरिता मोठी साधनसामग्री लागत नाही. घरातला मोबाईल फोन आणि दिवसाचा उजेड एवढे पुरे होते. मात्र तो उजेड कसा असावा, हे समजून घेतले पाहिजे.

लाकडावर किंवा कापडावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. उजळलेल्या धातूचे तसे नाही. धातू आरशासारखा असतो. किरण ज्या कोनातून त्यावर येतो, तेवढ्याच कोनातून परत फिरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या एखाद्या पैंजणाचे छायाचित्र तुम्ही घेऊ लागलात, तर त्या चांदीत तुमचा लाल सदरा, निळी भिंत आणि वरचे छप्पर हे सारेच उमटेल. म्हणजे दागिन्याचे चित्र हे त्याच्या भोवतालचेही चित्र असते!

आता तोच पैंजण उन्हात ठेवून पाहा. सूर्य केवढाही प्रचंड असला, तरी पृथ्वीवरून त्याचे बिंब अवघ्या अर्ध्या अंशाएवढे दिसते. एवढ्या लहान बिंबाचे प्रतिबिंब चांदीवर टिपक्यांसारखे लखलखते आणि बाजूला काळीभोर सावली पडते. मधले बारीक नक्षीकाम डोळ्यांना दिसत नाही, तसे चित्रातही येत नाही. याउलट, आभाळ ढगांनी भरून आले, की सारे आकाशच एक विशाल दिवा बनते. प्रकाश सर्व बाजूंनी येतो, सावल्या मऊ होतात आणि प्रत्येक रेषा उठून दिसते. आपल्या भाषेने ऊन आणि उजेड असे दोन शब्द केले आहेत, ते किती सार्थ आहेत! दागिन्याला ऊन नको, उजेड हवा.

युरोपातील चित्रकार उत्तरेकडची खिडकी पसंत करीत; कारण तेथे माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडेच असतो. महाराष्ट्र मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. जून महिन्यात आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून केवळ दिशेवर विसंबू नये. ज्या खिडकीतून उजेड येतो, पण ऊन येत नाही, ती खिडकी चांगली. ऊन येतच असेल, तर तिच्यावर पातळ पांढरे धोतर पडद्यासारखे टांगावे.

खिडकीजवळ मेज ठेवून त्यावर न चकाकणारे राखी रंगाचे कापड अंथरावे आणि दागिना मऊ फडक्याने पुसून त्यावर ठेवावा. उजेड एका बाजूने येत असल्याने दुसरी बाजू अंधारी दिसेल. तेथे पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे परतलेला प्रकाश ती बाजू उजळील. चांदीच्या कडा पांढुरक्या दिसू लागल्या, तर शेजारी काळ्या कागदाची पट्टी धरावी. तिचे प्रतिबिंब कडेवर पडून आकार स्पष्ट होतो. खोलीतला दिवा मात्र मालवावा; त्याचा पिवळसर प्रकाश दिवसाच्या उजेडात मिसळला, की सोन्याचा खरा रंग कळत नाही. फोन हातात हलतो, म्हणून तो पुस्तकांच्या चळतीला टेकवावा आणि दागिन्याच्या अगदी जवळ नेऊ नये. फार जवळून चित्र अस्पष्ट येते.

शेवटी आणखी एक दक्षता घ्यावी. दागिन्याशेजारी मोजपट्टी ठेवून एक निराळे चित्र घ्यावे. दागिन्याचे नाव, वजन, तो कोणत्या गावी घडला आणि ठाऊक असल्यास घडविणाऱ्याचे नाव, हे सारे वहीत लिहून ठेवावे. चित्रातील रंग मागाहून भडक करू नये. सांध्याची खूण, हातोडीचा हलका ठोका, एखादा किंचित वाकडा मणी यांना दोष समजून झाकू नये. यंत्रातून निघालेले हजार मणी एकसारखे असतात. हा वाकडेपणाच सांगतो, की येथे माणसाचा हात फिरला होता. उद्या तो दागिना मोडला गेलाच, तरी त्या हाताची साक्ष तुमच्या छायाचित्रात उरेल.