आधी पालकांची शाळा

दिल्लीच्या जसोला विहार भागात ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेची इमारत आहे. तिथल्या एका वर्गात मुलाला एकट्याला प्रवेश मिळत नाही. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाने बारा आठवडे मुलासोबत यायचं, वर्गात बसायचं, शिकायचं आणि शिक्षिकेच्या देखत आपल्या मुलाला शिकवून दाखवायचं. मुलाला आत सोडून फाटकाबाहेर मोबाइल बघत बसायची सोय नाही. परगावची कुटुंबं त्यासाठी दिल्लीत खोली घेऊन राहतात. तीन महिने नोकरी, घर, दुसरं मूल हे सगळं कुणाच्या तरी गळ्यात घालून येणं सोपं नसतं. तरीही लोक येतात, कारण आपल्या गावात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी काही नसतं, आणि जे असतं ते आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचं असतं. उरलेल्या वेळी मूल घरीच असतं.

स्वमग्न मुलांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या संस्थांचं मोल या हिशेबात आहे. चांगली संस्था मुलाला शिकवते. त्याहून चांगली संस्था त्याच्या घराला शिकवते.

शिकवते म्हणजे नेमकं काय करते? या शिक्षणातला एक जुना, साधा पाठ बघू. तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा आहे, बोलत नाही. बिस्किट हवं असलं की आईचं मनगट धरतो, ओट्यापाशी ओढत नेतो आणि तिचा हात डब्याकडे ढकलतो. तिच्या तोंडाकडे बघत नाही. आईला याची इतकी सवय झालेली असते, की बऱ्याचदा तो उठायच्या आतच बिस्किट त्याच्या हातात पडतं. आरडाओरडा नको, शेजाऱ्यांचं बोलणं नको. वर्गात शिक्षिका तेच बिस्किट पारदर्शक बरणीत घालते, झाकण मुलाला उघडणार नाही इतकं घट्ट लावते आणि बरणी त्याच्यासमोर ठेवते. आईला सांगते, आता गप्प बसा. मूल बरणी हलवतं, आपटतं, रडवेलं होतं. आईचा हात आपोआप पुढे जातो, शिक्षिका तो अडवते. बराच वेळ जातो. मग कधीतरी ते मूल बरणी उचलून आईच्या हातात देतं आणि क्षणभर तिच्याकडे बघतं. तेवढ्यात झाकण उघडायचं, अर्धंच बिस्किट द्यायचं आणि झाकण परत घट्ट लावायचं. अर्धंच, कारण त्याला लगेच पुन्हा मागावं लागलं पाहिजे.

मागणं ही भाषेची सुरुवात आहे. पुढे बरणीच्या जागी बिस्किटाचं चित्र येतं. चित्र हातात दिलं की वस्तू मिळते, हे एकदा कळलं की मूल पाणी, झोका, चप्पल असं काहीही ‘बोलू’ शकतं. काहींचे शब्द त्यातून सुटतात, काहींचे सुटत नाहीत. पण या पाठात खरी मेहनत आईची असते. रडणाऱ्या पोराला हवं ते न देता थांबणं, तेही चार अनोळखी माणसांसमोर, हे शिकायला तिला मुलापेक्षा जास्त दिवस लागतात.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. भिंतीवर एक पट्टी असते, तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली चित्रं: चटई, ताट, झोका, बूट. एक काम झालं की ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचं. पुढे काय होणार हे दिसत असलं की मुलाची धास्ती कमी होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमाने अशी मांडणी रूढ केली. आपल्याकडे ती पुठ्ठा, मासिकातली कात्रणं आणि गल्लीतल्या लॅमिनेशनवाल्याच्या जोरावर चालते.

आईला शाळेत बसवण्यामागे एक जुना हिशेबही आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा दिली, पण त्यांच्याच लेखनातून थंड, कोरड्या आईबापांची कल्पना पसरली. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७च्या आपल्या पुस्तकात ती टोकाला नेली. जगभरच्या आया अपराधी ठरल्या. या आरोपाला पहिलं सणसणीत उत्तर त्याआधीच दिलं होतं, तेही एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. १९६४च्या पुस्तकात त्यांनी ऑटिझमचं मूळ मेंदूच्या घडणीत आहे असं मांडलं. त्याच सुमारास लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी आपली संस्था काढली. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग होत्या. मनोविकारतज्ज्ञ आणि स्वतः एका स्वमग्न मुलीची आई. सिबिल एल्गर नावाच्या शिक्षिकेने राहत्या घराच्या तळघरात सुरू केलेल्या वर्गातून १९६५ साली या संस्थेची शाळा उभी राहिली.

आपल्याकडे बेटलहाइम कुणी वाचला नव्हता, पण गरजही नव्हती. ‘आई नोकरी करते ना, मग होणारच.’ ‘टीव्हीसमोर बसवून ठेवलं, दुसरं काय?’ ‘याचे काकाही पाचव्या वर्षी बोलले, उगीच डॉक्टर करू नका.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत प्रेमळ आणि सगळ्यांत महाग, कारण त्यात दोन-तीन वर्षं निघून जातात.

मेरी बरुआ यांनी १९९१ साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली, तेव्हा डॉक्टरांपैकीही अनेकांना ऑटिझम ओळखता येत नव्हता. बरुआ यांचा मुलगा स्वमग्न. स्वतः शिकण्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९९४ साली मोजक्या मुलांना घेऊन ‘ओपन डोअर’ ही शाळा निघाली आणि त्याच वर्षी ‘ऑटिझम नेटवर्क’ हे नियतकालिकही. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीच्या त्या काळात दूरच्या गावातल्या पालकाला आपण एकटे नाही हे पोस्टाने कळत होतं. शिक्षकच नाहीत म्हणून संस्थेने शिक्षक घडवायला घेतले; त्यातून पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पदविका अभ्यासक्रम उभा राहिला.

पण या संस्थेचं आणि तिच्यासारख्या पालकसंघटनांचं सगळ्यांत मोठं काम वर्गाबाहेरचं आहे. १९९५ साली देशात अपंगांसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. ऑटिझम नव्हता. सवलत हवी तर मूल मतिमंद असल्याचा दाखला घ्या, असा सरकारी खिडकीवरचा सल्ला असे. बुद्धीने तल्लख पण संवादात अडलेल्या मुलाचे पालक हा दाखला कोणत्या तोंडाने घेणार? पाठपुरावा झाला, निवेदनं झाली, आणि १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच ऑटिझम आला. तरीही दाखल्याचा घोळ मिटायला २०१६ उजाडलं. त्या वर्षी ऑटिझम मोजायची ‘इसा’ ही चाळीस प्रश्नांची भारतीय श्रेणी प्रमाणपत्रासाठी अधिसूचित झाली आणि डिसेंबरमध्ये एकवीस अपंगत्वांची यादी असलेला नवा कायदा आला. नाव कायद्यात गेलं तेव्हा पहिलीत असलेलं मूल तोवर तेविशीचं झालं होतं.

राष्ट्रीय न्यासाच्या दोन तरतुदी मराठी पालकांनी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना, ज्यात उपचारपद्धतींचा म्हणजे थेरपीचा खर्चही धरला जातो. आणि पालकत्वाचा प्रश्न. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान ठरतं. आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. बँकेत किंवा जमिनीच्या वाटपात अडचण आल्यावर लोकांना हे कळतं. छोट्या संस्थेतल्या एखाद्या ताईंना मात्र त्या समितीची वाट, लागणारे कागद आणि कोणत्या टेबलावर फाइल अडते, हे सगळं पाठ असतं. माझ्या मते ही माहितीच संस्थेची निम्मी मिळकत आहे.

आता गोव्याकडे येऊ. शहरातल्या तज्ज्ञांपर्यंत न पोचणाऱ्या घरांचं काय करायचं, याचा एक चांगला प्रयोग तिथल्या ‘संगत’ या संस्थेने केला. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाचा खेळ चित्रित करायचा, मग तीच फीत कार्यकर्ता आणि पालक दोघांनी मिळून बघायची: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही घाई केली, इथे थांबलात आणि त्याने हात पुढे केला. अशी बारा सत्रं. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं पालकांना जास्त जमू लागलं आणि मुलंही स्वतःहून संवाद सुरू करू लागली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आयांना एकच पद्धत लागू पडली, याची बातमी आपल्याकडे फारशी झाली नाही. गोव्याचा उत्तर भाग आणखी एका मोठ्या पाहणीत होता. देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या त्या अभ्यासातून ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एकाच्या आसपास दिसलं. म्हणजे मोठ्या शाळेत अशी चार-पाच मुलं सहज असणार. शाळेला ती माहीत असतात का, हा वेगळा प्रश्न.

मुंबईत २००१ साली बालविकासतज्ज्ञ विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ ही संस्था सुरू केली. ‘यश चॅरिटेबल ट्रस्ट’ तर आणखी छोटी. तिने २०१८ साली जुहूला ‘अर्पण’ नावाचा कॅफे उघडला, जिथे ऑटिझम आणि इतर विकासात्मक अपंगत्व असलेली मोठी माणसं पगार घेऊन काम करतात. याच संस्थेने ऑटिझम बरा करतो म्हणून स्टेम सेल उपचार विकणाऱ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. हा उपचार ऑटिझमसाठी शिफारस करण्याजोगा नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२च्या अखेरीस सांगितलं होतं. घर गहाण टाकून असे उपचार केलेली कुटुंबं कमी नाहीत. चहा-सँडविच विकणाऱ्या संस्थेने हे प्रकरण न्यायालयात न्यावं, यात इतरांना लाज वाटण्यासारखं बरंच काही आहे.

आणि पैसा. या कामात एका शिक्षिकेला दोन, फार तर तीन मुलं जमतात. काहींना एकास एकच लागते. त्यामुळे जमाखर्चात सर्वांत मोठा आकडा पगाराचा असतो, आणि नेमका तोच देणगीदाराला नको असतो. त्याला पाटी लावता येईल असं काही हवं असतं: संगणक, बाक, पाण्याचा फिल्टर. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या अर्जात ‘लाभार्थी संख्या’ असा रकाना असतो. तिथे पंचवीस लिहिलं की समोरचा साहेब विचारतो, फक्त? परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली, तेव्हा मोठ्या संस्थांच्या सावलीत तगणाऱ्या छोट्यांचे हाल झाले. धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या ऐंशी-जीचं नूतनीकरण, लेखापरीक्षकाची फी, हे सगळं पाच मुलांच्या संस्थेलाही पाचशे मुलांच्या संस्थेइतकंच करावं लागतं. हिशेब मागणं योग्यच. पण तो लिहायला स्वतंत्र माणूस नसतो, मुख्याध्यापिकाच रात्री बसून लिहिते. घडवलेली शिक्षिका अनुदानित शाळेत जागा निघाली की निघून जाते, तिलाही दोष देता येत नाही.

पालकांनी संस्था काढायच्या ही रीत चांगली की वाईट, याबद्दल माझं मत सरळ नाही. स्वतःच्या मुलासाठी उभं राहिलेलं माणूस थकत नाही, हे खरं. पण त्या माणसाचं मूलही मोठं होतं, त्याचे गुडघेही दुखतात, आणि ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न मग एका घराचा न राहता सगळ्या संस्थेचा होतो. दुसऱ्या फळीकडे कारभार सोपवणं फार थोड्यांना जमलंय. स्वमग्न प्रौढांचं स्वतःचं म्हणणं विश्वस्त मंडळाच्या टेबलापर्यंत पोचणं तर आत्ता कुठे सुरू होतंय.

तुमच्या गावात अशी संस्था असेल तर एकदा जाऊन या. पालकांना वर्गात बसू देतात का, एवढं विचारा. बसू देत नसतील किंवा मूल बरं करून देऊ म्हणत असतील, तर चेकबुक खिशातच राहू द्या. बसू देत असतील तर वाढदिवसाचा केक आणि खाऊचे पुडे नेऊ नका. अनोळखी गर्दी आणि टाळ्यांचा आवाज या मुलांपैकी अनेकांना सोसत नाही. त्याऐवजी दरमहा झेपेल तेवढी रक्कम द्या, आणि ती शिक्षकांच्या पगारासाठी आहे असं स्पष्ट लिहून द्या.