गोळीला उपास कळत नाही

भाद्रपद शुद्ध तृतीया रायपुरात दोन नावांनी पाळली जाते. आपण मराठी माणसे तिला हरतालिका म्हणतो. आपले छत्तीसगढी शेजारी तीजा म्हणतात. त्यांच्या लेकी या सणाला माहेरी येतात, आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर 'करू भात' जेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आपल्याकडेही वाळूची पिंड मांडून पूजा होते, आणि कडक उपास करणाऱ्या स्त्रिया आपल्या घरांतही आहेत. त्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. त्या दिवशी आमच्या घरी जे घडले ते मात्र सांगावयाचे आहे.

माझी एक मावशी पासष्टीची आहे. कित्येक वर्षे ती मधुमेहाची गोळी घेत आली आहे. त्या सकाळी तिने अन्न वर्ज्य केले, पण गोळी नियमाने घेतली. 'औषधाने उपास मोडत नाही,' असे तिचे म्हणणे. दुपारी पूजेची तयारी करताना तिचा हात थरथरू लागला, कपाळावर घाम आला, आणि एरवी शांत असणारी ती क्षुल्लक गोष्टीवरून सुनेवर रागावली. आम्ही म्हटले, उपासाचा शीण असेल. थोड्या वेळाने तिने सुनेला दुसऱ्याच नावाने हाक मारली आणि ती शून्य नजरेने पाहत बसली. शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेने बोटातील रक्ताचा थेंब तपासला. साखर होती ४६.

साखरपाणी पोटात जाताच वीस मिनिटांत मावशी सावध झाली आणि म्हणाली, 'मला काहीच झाले नव्हते.' आम्हीही निश्चिंत झालो. दोन-अडीच तासांनी तोच प्रकार पुन्हा झाला, तेव्हा मात्र तिला रुग्णालयात न्यावे लागले. रात्रभर तेथे ठेवल्यावर ती सुखरूप घरी आली.

हे असे का होते? आपल्या मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज हे होय, आणि त्याचा पुरेसा साठा मेंदूजवळ नसतो. रक्तातून ते त्याला सतत मिळावे लागते. निरोगी माणूस उपाशी राहिला की स्वादुपिंड इन्शुलिन कमी करते आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. म्हणून निरोगी माणसाला दिवसभराचा उपास सहसा बाधत नाही. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात. पोटात अन्न आहे की नाही, याची विचारपूस त्या करीत नाहीत. टोचून घेतलेल्या इन्शुलिनचेही तसेच. टोरांटो येथे १९२१ साली इन्शुलिन हाती आले आणि मधुमेहींना जीवदान मिळाले. साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोकाही त्याच्याबरोबरच आला. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फारच थोडा असतो.

साखर उतरू लागली की शरीर आधी इशारा देते: घाम, कंप, धडधड, एकदम लागलेली भूक. त्याकडे दुर्लक्ष झाले तर मेंदूच उपाशी पडतो; मग चिडचिड, असंबद्ध बोलणे, अंधुक दिसणे, झोकांड्या, आकडी आणि बेशुद्धी. रक्तदाबावरील काही औषधांमुळे कंप व धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. ज्याला वारंवार असे होते त्याच्या शरीराचे इशारेच हळूहळू बंद पडतात. रोग्याची विचारशक्तीच येथे प्रथम मंदावते, म्हणून डॉक्टरांना केव्हा बोलवावे याचा निर्णय त्याच्यावर सोपवून चालत नाही. तो घरच्यांनी आधीच ठरवून ठेवावा.

१०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर ही सावधगिरीची सूचना. ५४ च्या खाली गंभीर स्थिती. रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पेढा-बर्फी देऊ नये. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यास साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्याला ग्लुकोजच द्यावे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावे, आणि बरे वाटताच जेवण द्यावे. यंत्र जवळ नसेल तर शंकेवरूनच साखर द्यावी.

रोगी बेशुद्ध असेल, आकडी आली असेल, गिळता येत नसेल, किंवा दोन-तीनदा साखर देऊनही फरक पडत नसेल, तर क्षणाचाही विलंब नको. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वर सांगितलेल्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, तर रोगी सावध झाल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; त्यांचा अंमल तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते. आम्ही चुकलो ते येथेच. वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रोगी यांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

पहाटे घामाने कपडे भिजणे, आठवड्यातून दोनदा साखर उतरणे किंवा पूर्वी मिळणारे इशारे न मिळणे, अशा वेळी एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जाऊन औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे.

ज्यांना मधुमेह नाही, त्यांनी प्रत्येक घेरी साखरेच्या माथी मारू नये. लक्षणे, त्याच वेळी तपासणीत आढळलेली कमी साखर, आणि साखर देताच मिळणारा आराम, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर मात्र शोध घेतलाच पाहिजे. रिकाम्या पोटी मद्यपान, यकृताचे विकार, क्वचित स्वादुपिंडातील गाठ, अशी कारणे त्यामागे असतात. आमच्या बस्तरकडे हिवताप आढळतो. तीव्र हिवतापात आणि क्विनीन देताना साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, विशेषतः मुलांची आणि गर्भवतींची. तापातली गुंगी केवळ तापाची समजू नये.

व्रत करावयाचेच असेल तर काही आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावे. कोणती गोळी कमी करावयाची, कोणती वगळावयाची, हे त्यांनी सांगावे. इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये. उपासाच्या दिवशी साखर अधूनमधून तपासावी आणि ७० च्या खाली दिसताच उपास सोडावा. आजारी माणसाला व्रतातून सूट देण्याची रीत आपल्या घरांत जुनीच आहे.

मावशी पुढच्या वर्षीही पूजेला बसली. पण तिची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली होती, आणि सकाळीच सुनेने तिच्यापुढे दूध व फळे ठेवली होती. ती तिने मुकाट्याने घेतली.