टेस : काटछाट झालेली कादंबरी

टॉमस हार्डी (१८४०–१९२८) याची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी १८९१ साली ‘ग्राफिक’ या लंडनच्या सचित्र साप्ताहिकात क्रमशः आली. परंतु घरोघरी कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांच्या शुचितेच्या कल्पनांपुढे मान तुकवून लेखकाला तिच्यात इतकी काटछाट करावी लागली की, पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावरून नायक चार गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो, त्या निरागस प्रसंगीही त्याच्या हाती एक ढकलगाडी द्यावी लागली! मरणोन्मुख अर्भकाला टेस मध्यरात्री स्वतःच बाप्तिस्मा देते, तो भाग तर स्वतंत्रपणे अन्यत्र छापला गेला. पुस्तकरूपात मजकूर बव्हंशी पूर्ववत झाला खरा. पण नायिकेला ‘शुद्ध’ म्हणणाऱ्या उपशीर्षकावरून वाद माजला तो माजलाच.

दैवाची कादंबरी म्हणून तिची ख्याती असली, तरी त्या दैवाला जमीनजुमल्याच्या दस्तऐवजांचाही बराच हातभार आहे : टेसच्या घराचा पट्टा तीन हयातींचा असून बाप ही त्यांतली शेवटची हयात असल्यामुळे, त्याने डोळे मिटताच अख्खे कुटुंब बेदखल होते, आणि त्या निराधार अवस्थेतच ती पुन्हा आपल्याला पूर्वी फसवणाऱ्या अ‍ॅलेकच्या कह्यात जाते. डॉर्सेटच्या खेड्यात वाढलेल्या गवंड्याच्या मुलाला, म्हणजे हार्डीला, हा तपशील शोधत फिरावे लागले नसावे.

१८९५च्या ‘ज्यूड’ या कादंबरीनंतर हार्डीने कादंबरीलेखन थांबवले. ‘टेस’मधील चेसबरो येथील शनिवारच्या नाचाचा गाळलेला प्रसंग मात्र १९१२च्या आवृत्तीत परतला; जिज्ञासू वाचकाने तीच संहिता मागून घ्यावी.