कंडरा, मूळपेशी आणि सावध आशा

सातपाटीच्या बंदरात ओली जाळी ओढणारा खांदा असो वा बोईसर-तारापूरच्या कारखान्यात गोण्या उचलणारा, त्याचे बळ कंडरेवर तोललेले असते. स्नायूला हाडाशी जोडणारा हा दोर कोलॅजेनच्या समांतर तंतूंचा. त्याला रक्तपुरवठा तुटपुंजा. म्हणून तुटला की तो सावकाश सांधतो, आणि सांधल्यावरही तिथे विस्कळीत तंतूंचा व्रण उरतो. तो पुन्हा फाटू शकतो.

मूळपेशींची आशा इथेच आहे. अस्थिमज्जेतून वा चरबीतून काढलेल्या या पेशी स्वतः कंडरा होतात, त्यापेक्षा दाह आवरणारे आणि दुरुस्तीला चालना देणारे स्राव सोडतात, असे आता मानले जाते. शर्यतीच्या घोड्यांवर हा उपचार बराच झाला. माणसांबाबत फ्रान्सच्या फिलिप एर्निगू यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. खांद्याची कंडरा शिवताना मज्जेतील पेशी दिलेल्या 45 जणांपैकी 87 टक्क्यांची शिवण 10 वर्षांनी शाबूत होती. पेशी न दिलेल्या 45 जणांत 44 टक्क्यांची. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंडरेसाठी हा वापर प्रायोगिकच ठरतो, आणि प्रयोगाचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाने इंजेक्शनचा दर विचारण्याआधी एवढेच विचारावे: ही नोंदणीकृत चाचणी आहे का? नसेल, तर विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम हाच आजचा भरवशाचा मार्ग.