तोंडातला पिनकोड

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. धाकट्या भावाचं तोंड नीट उघडत नाही, भाजीचं तिखट सहन होत नाही, म्हणून त्याला दवाखान्यात नेलं. केसपेपरवर निदानापुढे 'के १३.५' असं लिहिलेलं होतं. घरी कुणीतरी म्हणालं, 'के' म्हणजे 'क', आणि 'क' म्हणजे कॅन्सर. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. 'या आकड्याचा अर्थ सांगाल का?' एवढंच त्यांनी विचारलं आहे.

आधी उत्तर देतो. के १३.५ म्हणजे कॅन्सर नव्हे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत, 'के' हे अक्षर पचनसंस्थेला दिलेलं आहे आणि तोंड हे अन्नमार्गाचं दार असल्यामुळे तोंडाचे बहुतेक आजार त्याच प्रकरणात येतात. के १२.० म्हणजे पुन्हापुन्हा येणारे छाले. के १३.२ म्हणजे न पुसला जाणारा पांढरा चट्टा, ल्युकोप्लाकिया. के १३.५ म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस, दवाखान्याच्या भाषेत 'ओएसएमएफ'. कॅन्सरचे क्रमांक 'सी' अक्षराखाली आहेत: जिभेचा सी ०१ आणि सी ०२, हिरडीचा सी ०३, गालाच्या आतल्या अस्तराचा सी ०६.०. साध्या, न पसरणाऱ्या गाठीला डी १०.

पत्र लिहिणारे आष्टीचे आहेत, म्हणून हा आकड्यांचा खटाटोप कशासाठी हे त्यांना त्यांच्याच गावावरून सांगता येईल. पाकिटावर नुसतं 'आष्टी, महाराष्ट्र' लिहा. पत्र १६ ऑगस्ट १९४२ च्या हुतात्म्यांमुळे 'शहीद आष्टी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी जाईल, की बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या आष्टीला? गडचिरोलीतही आष्टी आहे, जालन्यातही आहे. हा घोळ मिटवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. टपाल खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतचा जाणता कवीही होता. शब्दांवर जीव असलेल्या माणसानेच, एक शब्द दहा ठिकाणी कसा फसवतो हे ओळखून, त्याला सहा आकड्यांची जोड द्यावी, हे मला फार भावतं. वर्ध्याची आष्टी ४४२ ने सुरू होते, बीडची ४१४ ने. पत्र चुकत नाही.

आजारांच्या गावात आपला 'आष्टी' शब्द आहे 'तोंड आलं'. मिरची झोंबली तरी तोंड आलं, जीवनसत्त्व कमी पडलं तरी तोंड आलं, बुरशीचा पांढरा थर आला तरी तोंड आलं, आणि गालात न भरणारी जखम असली तरी महिनाभर तेच म्हणत राहायचं. एका शब्दाखाली डझनभर पत्ते. माणसं बोरिक पावडर आणि तूप लावत बसतात ती यामुळे.

नावांची ही गल्लत जुनी आणि जगभरची आहे. लंडनमध्ये १६३२ साली मृत्यूंची जी यादी झाली, तिच्यात 'दात' या कारणाखाली ४७० मृत्यू आहेत. ती बहुतेक दात येण्याच्या वयात दगावलेली बाळं. त्याच यादीत 'कॅन्सर आणि लांडगा' असे १० मृत्यू. मांस कुरतडणाऱ्या जखमेला लोक तेव्हा लांडगा म्हणत. मेलेल्यांना पाहून कारण सांगायचं काम म्हाताऱ्या बायकांकडे असे. तिथून १८९३ पर्यंत यायला अडीच शतकं लागली. त्या वर्षी पॅरिसच्या जाक बर्तियों यांनी शिकागोत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि आजच्या आयसीडीचा पाया घातला. त्यांचा भाऊ आल्फोन्स गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांची ओळख पटवायची पद्धत शोधणारा. एकाच घरात एकाने माणसं ओळखायचं ठरवलं, दुसऱ्याने मरणं.

आता के १३.५ कडे येतो, कारण या क्रमांकामागे आपल्याच मातीतला एक डॉक्टर उभा आहे आणि त्याचं नाव पुरेसं घेतलं जात नाही. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला आणि त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं. त्यातल्या एका शब्दाचा अर्थच 'कारण माहीत नाही' असा होता. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांचे टाळू आणि घशाचे खांब तपासून चार पानांचा लेख लिहिला आणि विकाराला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटलं. म्हणजे अस्तराखाली तंतू माजणं. श्वार्ट्झचं नाव अज्ञान सांगतं, जोशींचं नाव आत काय घडतं ते सांगतं. जगाने जोशींचं नाव उचललं. आज कुठल्याही देशातला डॉक्टर के १३.५ लिहितो तेव्हा तो मुंबईच्या त्या डॉक्टरचे शब्द लिहितो.

आत घडतं ते असं. निरोगी गालाचं अस्तर हे धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखं असतं, ताणलं की ताणलं जातं. सुपारीतलं ॲरेकोलिन पेशींना कोलॅजनचं सूत जास्त कातायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. त्याच्या जोरावर एक विकर सुताचा धागा शेजारच्या धाग्याला घट्ट बांधतं. गाठी वाढतात, कापड खळ दिल्यासारखं ताठ होतं, पांढुरकं पडतं. गालात बोट फिरवलं तर दोरीसारखे उभे पट्टे हाताला लागतात. ते पट्टे एकदा ज्याने चाचपले, तो विसरत नाही.

इथे सुपारी हा शब्द महत्त्वाचा. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी' असं समाधानाने सांगणारे खूप भेटतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसली तरी सुपारी कर्ककारक आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि विदर्भातल्या पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणाऱ्या खर्‍यात सुपारी, तंबाखू, चुना तिन्ही एकत्र. त्यामुळे एकाच तोंडात के १३.५ आणि के १३.२ शेजारी नांदताना दिसतात.

ओएसएमएफ कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवरचं गाव आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या ५ जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. फाली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग, प्रकाश गुप्ता, दफ्तरी यांचा हा गट. याच मंडळींनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली आणि निष्कर्ष १९७२ साली, पिनकोडच्याच वर्षी, छापले. लाखावर तोंडं! प्रत्येकाला 'आ' करायला लावून, उजेड धरून.

असं का करावं लागलं? कारण कॅन्सर नोंदणी केंद्रं कॅन्सर मोजतात, त्याच्या आधीची पायरी नाही. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, वर्धा जिल्ह्याची नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते. कामं मोलाची आहेत. पण आष्टीच्या या मुलाचा के १३.५ त्या रजिस्टरात चढणार नाही, आणि मुलगा तर आज वाचवता येण्याजोगा आहे.

बातम्यांतले आकडेही सांभाळून वाचा. आपल्या राष्ट्रीय अहवालांत जीभ वेगळ्या ओळीत आणि हिरडी, टाळू, गाल मिळून 'तोंड' वेगळ्या ओळीत असतं. जागतिक अंदाजांत ओठांपासून सगळं एकत्र. दोन्हींना मथळ्यात 'तोंडाचा कॅन्सर'च म्हणतात. त्यात आपल्याकडची गाठ वाढते ती बहुधा गाल आणि हिरडीच्या मधल्या घळीत, जिथे खर्‍याची गोळी तासन्‌तास दाबून ठेवतात. तिथून ती दोन्हीकडे पसरते. मग तिला हिरडीचा क्रमांक द्यायचा की गालाचा? कुठून सुरू झाली ते डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर कोड देणारा कर्मचारी 'सी ०६.९, जागा अनिर्दिष्ट' लिहून मोकळा होतो. जाहिरातीही सांभाळूनच वाचा. मोबाइलने फोटो काढला की निदान, अशा जाहिराती हल्ली येतात. फोटोला पट्टे चाचपता येत नाहीत, आणि 'के' की 'सी' हे शेवटी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

आष्टीच्या वाचकांना एवढंच सुचवतो. भावाला स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, दातांमध्ये घालायला सांगा. किती जातात ते पाहा. सुपारी आजपासून बंद. आणि पुढच्या खेपेला दंतवैद्यांकडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहून घ्या, तारखेसह, के १३.५ च्या शेजारी.